न्यूझीलंडच्या घराण्याची चौकशी

रोहे,
बुधवार, ९ मे २०१८

तीर्थरूप ताईस,

धाकट्या दामोदरचा साष्टांग दंडवत. इकडे आम्ही दोघे बरे आहोत, म्हणजे पद्मजा बरी आहे आणि मी आहे. तुझी तब्येत कशी आहे? सकाळचं फिरणं चालू आहे ना? रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतेस की डाव्या? (उजव्या बाजूने चाल. समोरून येणारं वाहन निदान दिसतं तरी. मागून येणाऱ्याचा काय भरवसा!) तासाभराच्या अंतरावर बहीण असताना हा पत्र काय लिहीत बसलाय असं तुझ्या मनात येईल. त्याचं कारण असं की आमच्या घरात बरा म्हणावा असा एकच फोन, आणि तो पद्मजाच्या हातात असतो. माझ्या फोनवर बोलायला मी गच्चीत गेलो तर माझं बोलणं शेजारच्या गिरजाबाईंच्या ओट्यापर्यंत पोहोचतं आणि तिथून ते गाडीच्या वेगाने पुढे जातं. शिवाय जे सांगायचं आहे ते बोलून सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र जगनच्या हाती देतो आहे. जगन म्हणजे आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा, धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्टला जातो तो. मूळचा तुमच्या पेणच्या खाडीकडचा. सुट्टीला घरी जाताना तुझ्याकडे पत्र टाकील. माणूस सज्जन आहे, फक्त मोटारसायकल फार जोरात चालवतो, त्याबद्दल पुढे येईलच.

तुला ठाऊक आहेच की आपल्या केतकीला दिवस गेले आहेत. जूनच्या शेवटची तारीख दिली आहे. ती तिकडे न्यूझीलंडला, वेलिंग्टन गावी. सासूबाई नाहीत, नणंद नाही, आपलं म्हणावं असं कुणी नाही. तिने दोघांनाही बोलावलं आहे, आई आणि बाबा. पासपोर्ट आले, व्हिसे आले. पद्मजाची तयारी तर डिंकाच्या लाडवांपर्यंत येऊन ठेपली आहे (ते तिथे नेऊ देतात की नाही याची चौकशी मी वेगळी करतो आहे). आता जावईबापूंनी, म्हणजे निनादने, निरोप दिला आहे की येत्या रविवारपर्यंत नक्की सांगा, एक तिकीट काढू की दोन? पद्मजाचं काढायचंच आहे, प्रश्न माझा आहे. गेले चार महिने मी 'चौकशी चालू आहे' एवढंच उत्तर देत आलो. आता हातात चार दिवस उरले आहेत.

आता चौकशीच्या बाबतीत माझा हात कोण धरणार, हे तुला मी सांगायला नको. आपल्या माणसांत मुलगी द्यायची म्हटलं की आधी दामूला पाठवा, असं गेली पस्तीस वर्षं चालत आलं आहे. पत्रिका नंतर, चौकशी आधी. माझी पद्धतही सगळ्यांना पाठ आहे. ज्या घराची चौकशी करायची त्या घराचा उंबरा चढायचा नाही. आधी कोपऱ्यावरचा वाणी, मग इस्त्रीवाला, आणि शेवटी ज्याच्याशी त्यांचं गटारावरून नाहीतर फणसाच्या फांदीवरून भांडण आहे तो शेजारी. नातेवाइकांना विचारायचं नाही, कारण ते खोटं सांगतात. आणि खुद्द मुलाला तर मुळीच विचारायचं नाही, कारण त्याला स्वतःला काही माहीत नसतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिथे जो तो चांगलंच सांगतो, तिथे पाय काढता घ्यायचा. तुला ते नागोठण्याचं स्थळ आठवतं का? वाणी म्हणाला चांगली माणसं, इस्त्रीवाला म्हणाला चांगली माणसं, भांडलेला शेजारीसुद्धा म्हणाला, माणसं देवासारखी. मी त्याच पावली परत आलो आणि मुलीच्या बापाला म्हटलं, इथे काहीतरी दडलेलं आहे, मुलगी देऊ नका. पुढे कळलं की ती माणसं खरंच चांगली होती. पण ते कळायला अकरा वर्षं लागली. तेवढा धोका कुणी पत्करायचा? ती मुलगी नंतर दुसरीकडे दिली. सुखात आहे, असं ती म्हणते.

तर अशा माझ्यावर, ताई, या जानेवारीत काय प्रसंग यावा! पद्मजाने मला न विचारता पासपोर्टचे अर्ज भरले (मी सही केली ती बँकेचा कागद समजून, चष्मा नव्हता; फोटोला कचेरीत नेलं तेव्हा कळलं). त्याच्या चौकशीला एक हवालदार आला. मी नेमका दाढीला गेलेलो. आणि त्याने घराचा उंबरा न चढता सरळ गिरजाबाईंना गाठलं! गिरजाबाईंशी आमचं तीन वर्षं सांडपाण्यावरून वाकडं आहे हे तुला माहीत आहे. पस्तीस वर्षं मी ज्या वाटेने लोकांच्या घरात शिरलो त्याच वाटेने सरकार माझ्या घरात शिरलं. मी परत येतो तो काम उरकून हवालदार गेलेलासुद्धा. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी जगनने गिरजाबाईंकडून काढून आणलं. त्या म्हणाल्या होत्या, "मानूस लय भित्रा हाय, पन वंगाळ नाय. कुनाचं वाईट कराया बी छाती लागते, ती त्याच्याकडं नाय." हवालदाराने वहीत लिहिलं, हरकत नाही. पद्मजा इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र अजून कळत नाही की गिरजाबाईंना भेटून आभार मानावेत की सांडपाण्याचा अर्ज नगरपालिकेत पुन्हा द्यावा.

असो. मी न्यूझीलंडची चौकशी आपल्या नेहमीच्या रीतीने सुरू केली. पद्मजा दुपारी भजनाला गेली की तिचा फोन घेऊन बसायचो. ताई, आजकाल प्रत्येक देशाचं सरकार आपापल्या लोकांसाठी लिहून ठेवतं की अमका देश जायला बरा आहे की नाही. म्हणजे माझाच धंदा, फक्त मोठ्या प्रमाणावर. मी चार सरकारांची पानं वाचली. चौघांनीही न्यूझीलंडला चांगलं म्हटलं. चोऱ्या कमी, माणसं नम्र, पाणी नळाचं प्यावं. एका ठिकाणी तर लिहिलं होतं की त्या देशात साप नाहीत. अजिबात नाहीत! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अगं, देश म्हटला की दोन-चार साप असायचेच. आपल्या मागच्या अंगणात वर्षाला तीन निघतात. ज्या घराबद्दल कुणीच काही वावगं बोलत नाही त्या घराचं मी काय करतो हे वर लिहिलंच आहे. आणि दाखल्यांवर माझा विश्वास का नाही, ते तुला वेगळं सांगायला हवं का? छत्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून मीच दाखले लिहिले. ज्या पोराने मुख्याध्यापकांच्या खुर्चीत खाजकुइली टाकली त्याच्याही दाखल्यावर मी 'वर्तणूक चांगली' असंच लिहिलं आहे, कारण तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.

बरं, एवढं चांगलं म्हणून झाल्यावर शेवटी ओळ काय, तर प्रवाशांनी नेहमीची काळजी घ्यावी. आता मला सांग, नेहमीची म्हणजे कुणाची नेहमीची? माझी नेहमीची काळजी म्हणजे दाराला कडी, कडीला कुलूप, आणि कुलूप तीनदा ओढून पाहणं. (चौथ्यांदा पद्मजा मला ओढते.) बाहेर जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून दुसऱ्या खोलीत ठेवणं. धाटावकडून वारा सुटला की नाकाला रुमाल. कोलाडला गाडी थांबली आणि वडा खावासा वाटला तर आधी आत जाऊन कढईतलं तेल बघून येणं, आणि मग न खाणं. एसटी पुलावरून जाताना पाय जरा उचलून धरणं, म्हणजे आपला भार पुलावर पडत नाही. हे सगळं परक्या मुलखात मी कसं करणार? तिथे कढई कुठे असते हे मी कुणाला विचारू? त्या एका ओळीने माझी आठवड्याची झोप गेली.

पण ताई, मी हाडाचा चौकशीवाला. खोट काढल्याशिवाय सोडतोय थोडाच? पाचव्या दिवशी सापडली. त्या देशाची जमीन हलते! वरचेवर हलते. वेलिंग्टन तर म्हणे अगदी त्याच रेघेवर बसलेलं आहे. खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं. आपल्या केतकीच्या घराण्याची खोट कळली, आता माणूस सावध राहू शकतो. मग पाच मिनिटांनी नीट विचार केला. जमीन हलते म्हणजे काय? माणसाने भरवसा ठेवायचा तरी कशावर? साप परवडला, त्याला काठी दाखवता येते. त्याच पानावर पुढे लिहिलं होतं की जमीन हलू लागली तर खाली बसावं, टेबलाखाली जावं आणि टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवावा. मी म्हटलं, ऐन वेळी धांदल नको, आज पद्मजा बाजारात गेली आहे तर सराव करून ठेवावा. आपलं जेवणाचं टेबल तुला ठाऊक आहे, त्याला खालून आडवी फळी आहे. गेलो. पाय धरला. साठपर्यंत आकडे मोजले. सगळं अगदी पुस्तकाप्रमाणे झालं, फक्त बाहेर कसं यायचं ते त्या पानावर दिलेलं नव्हतं. कमरेत अशी काही चमक निघाली की मी होतो तिथेच राहिलो. अर्ध्या तासाने जगन दुपारच्या शिफ्टला निघाला, तो दाराशी किल्ली द्यायला आला. त्याने वाकून बघितलं आणि विचारलं, "काका, खाली काय शोधताव?" मी म्हटलं, भूकंप. तो आणखी वाकला आणि म्हणाला, "गावला काय?"

त्याने मला बाहेर ओढलं, कमरेला तेल चोळलं आणि त्याची कंपनीची बस चुकली तरी बसून राहिला. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. सांगितलं की मला आता साक्षीदार हवा आहे, तिथे वावर असलेला आणि त्या घराशी नातं नसलेला. वाणी म्हण, इस्त्रीवाला म्हण. तो म्हणाला, त्याचा मेव्हणा सखा हमरापूरला गणपती करतो आणि सात वर्षं त्याचे गणपती पेटीत बसून बोटीने न्यूझीलंडला तिथल्या मराठी मंडळींकडे जातात. मला एकदम प्रकाश पडला. अगं, याहून चांगला साक्षीदार कोण? माणूस खोटं बोलेल, सरकार खोटं बोलेल, पण शाडूची सोंड खोटं बोलेल का? गणपती धड पोहोचतो की मोडतो, एवढं कळलं की देश कळला.

गेल्या रविवारी जगनच्या मागे बसून हमरापूरला गेलो. (होय ताई, पेणमधूनच गेलो, तुझ्या घराच्या फाट्यावरून. आलो नाही. तू तोंड बघून विचारलं असतंस, आणि मला सांगता आलं नसतं. रागाव, पण पत्र पूर्ण वाच.) त्या हायवेबद्दल मी काही लिहीत नाही, तुला तो रोजचाच आहे. नागोठण्यापासून वडखळपर्यंत मी डोळे मिटून होतो. वडखळला उघडले ते एका कंटेनरच्या चाकापाशी, तेव्हा पुन्हा मिटले. जगन मधून मधून "काय नाय होत, काका" असं ओरडत होता. तो असं ओरडला की मागे वळून ओरडत असे, त्यामुळे प्रत्येक वेळी काहीतरी होता होता राहिलं.

सखाच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरेफटक, बिनरंगाचे गणपती ओळीने बसलेले. परदेशी जायचे तेवढे रंगून एका बाजूला, आणि त्यांच्या लाकडी पेट्या अंगणात. मी माझ्या पद्धतीप्रमाणे आडून सुरुवात केली. म्हटलं, मला एक मूर्ती बाहेर पाठवायची आहे, मोडतोड किती होते? सखा म्हणाला, "सात सालात थय येक नाय मोडला." मी खोदून विचारलं, आठव, एखादा तरी? तर म्हणाला, एकाचा हात गेला होता, पण तो आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, टेम्पोत चढवताना. म्हणजे बघ, सात समुद्र सुखरूप, आणि मोडला तो घरच्या दारात! मला ही साक्ष पटली नाही असं नाही. पण पटल्यावर भीती कमी व्हायला हवी होती, ती झाली नाही. उलट वाढली. कारण आता माझ्याकडे न जाण्याचं एकही कारण उरलं नव्हतं.

तिथे सखाची म्हातारी आई, ठमाबाई, एका पेटीपाशी बसून गणपतीच्या भोवती पेंढा दाबत होती. ती इतका वेळ माझ्याकडे बघतही नव्हती. एकाएकी म्हणाली, "तुमी गनपती घेनारं नाय. तुमची कोन हाय थय?" माझी पस्तीस वर्षांची आडवळणं त्या बाईने एका वाक्यात उलगडली. म्हटलं, मुलगी आहे, दिवस गेलेत. तिने पेंढा दाबता दाबताच विचारलं, "पैलीच येल का?"

ताई, त्याचं उत्तर तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मी ते अजून कुणाजवळ बोललेलो नाही. पहिली वेळ नव्हे. दोन वर्षांपूर्वी केतकीला चौथ्या महिन्यात त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं. तिने फोन केला, आई, येतेस का? पद्मजा त्याच दिवशी निघायला तयार होती. आणि मी म्हटलं, इतक्या लांब जायचं, आधी नीट चौकशी करू. पासपोर्टच्या कचेरीत कुठला माणूस चांगला, कुठलं विमान जुनं, वाटेत कुठे उतरतं, तिथे काही गडबड चालू आहे का? सहा आठवडे मी चौकशी करत होतो. सातव्या आठवड्यात निनादचा फोन आला की आता यायची गरज उरली नाही. तिकडे ती एकटी होती, ताई. निनाद कामावर गेला की दिवसभर एकटी. पद्मजा मला त्यावर एक शब्द बोलली नाही, अजूनही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. या खेपेला तिने पासपोर्टचे अर्ज मला न विचारता का भरले ते मला कळतं. तिला वाटतं मला कळत नाही.

मी ठमाबाईंना एवढंच म्हटलं की दुसरी वेळ. त्यांना काय समजायचं ते समजलं. म्हणाल्या, "बाबा, देश कसा हाय त्ये आमी कदी इचारीत नाय. आमाला काय कलनार? आमी पेटीत पेंढा भरताव. जावदे तो मंग खुशाल." मला काहीतरी विचारणं भाग होतं म्हणून मी विचारलं की पेंढा ओला तर नसतो ना? त्यांनी सुनेला हाक मारून सांगितलं, गो, यांना आधी च्या दे. परत येताना जगनने मोटारसायकल सावकाश चालवली. मी तरीही डोळे मिटूनच होतो, पण त्याचं कारण या वेळी रस्ता नव्हतं.

असा हा सगळा प्रकार आहे. चौकशी पूर्ण झाली आहे, घराणं उत्तम आहे, खोट आहे ती सांगून आहे, साक्षीदार भरवशाचे आहेत. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी आजच होकार कळवला असता. पण रोज सकाळी उठतो, ठरवतो की आज निनादला सांगू, आणि फोनकडे हात गेला की उठून दाराचं कुलूप पुन्हा ओढून पाहतो. विमानाची भीती वाटते, समुद्रावरून तासन् तास जाण्याची वाटते, जमिनीची वाटते. आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ते लिहायला हात धजत नाही. तिथे पोहोचलो, शेजारच्या खोलीत बसलो, आणि मागच्यासारखं काही झालं तर? इथे असलो तर निदान फोनवर कळेल. हे लिहिलं, आणि वाचून पाहिलं तर माझीच मला लाज वाटली. पण खोडत नाही.

तुझ्या अंगणातल्या सगळ्यांना, म्हणजे माणसं, मांजरी आणि तो चावरा कोंबडा धरून, यथायोग्य सांगणे. गॅस बंद करायला विसरू नकोस.

तुझा भाऊ,
दामोदर

ता. क. : आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. ताई, तू मला उलट टपाली एक पत्र पाठव. जगनच्या हातीच दे, म्हणजे रविवारच्या आत मिळेल. त्यात लिही की तू आजारी आहेस, तीन महिने अंथरूण धरावं लागणार आहे, आणि दामूवाचून तुझं कुणी नाही. पद्मजा तुझ्या शब्दाबाहेर नाही, ती मला आपणहून ठेवून जाईल. आजार मात्र जपून निवड. हृदयाचा नको, ती ताबडतोब तिकीट रद्द करून पेणला येईल. गुडघ्यांचा नको, ते जुने आहेत. नागीणही नको, कारण ती नसली तरी मला तुझ्याकडे यायची भीती वाटेल. कमरेचा बरा. कमरेचं कुणाला काही दिसत नाही. एवढं कर. लहानपणी तू माझ्यासाठी मास्तरांना खोट्या चिठ्ठ्या दिल्या आहेस, ही शेवटची समज.

ता. क. दुसरी, गुरुवार सकाळ : जगनची शिफ्ट बदलली म्हणून पत्र अजून घरातच आहे. अकरा पानं झाली, पुन्हा लिहीत बसत नाही, तेव्हा खालचं वाचून वरचं काय खरं मानायचं ते तूच ठरव.

आज पद्मजा अंघोळीला गेलेली असताना केतकीचा फोन आला. मीच घेतला. एरवी मी 'आईला देतो' म्हणून मोकळा होतो, आज ती सोय नव्हती. जे चार महिने साऱ्या जगाला विचारत होतो तेच तिला विचारलं. म्हटलं, कसं आहे गं तिकडे? इतकी सरकारं विचारून झाली, हमरापूरचे गणपती विचारून झाले, पण जिची चौकशी तिलाच विचारायचं नाही या माझ्या नियमापायी मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, मला फार भीती वाटते."

मी सवयीने म्हणणार होतो, काही होत नाही. पण ताई, मला ते वाक्य आयुष्यात कधी म्हणता आलेलं नाही, कारण ते मला कधी खरंच वाटलेलं नाही. मी म्हटलं, मलाही फार वाटते गं. तर ती रडायला लागली, आणि रडता रडता हसलीही. म्हणाली, "आई म्हणते काही होत नाही. निनाद म्हणतो काही होत नाही. डॉक्टरही तेच म्हणतात. मागच्या वेळीही सगळे हेच म्हणत होते. बाबा, तुम्ही या ना. तुम्ही आलात म्हणजे मला एकटीला घाबरावं लागणार नाही."

मी लगेच निनादला दोन तिकिटं काढायला सांगितली. तिकडे आता थंडी सुरू होते म्हणून पद्मजाने माझी कानटोपी बॅगेत टाकली. सत्तावीस तारखेला निघतो आहोत. तेव्हा ते आजारपणाचं पत्र पाठवू नकोस. तू ठणठणीत आहेस ते बरं आहे, तशीच राहा. भीती म्हणशील तर तसूभरही कमी झालेली नाही. पण ताई, त्रेसष्ट वर्षं सगळ्यांनी मला भीती टाकून ये असंच सांगितलं. ती घेऊन ये असं म्हणणारं आज पहिल्यांदा कुणी भेटलं.